नेतृत्व सोडायचेच असेल, तर उभे राहून मत द्या: अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
सिनेट आणि प्रतिनिधिगृहाचे सर्व सन्माननीय सदस्य,
वॉशिंग्टन

सन्माननीय सदस्यहो,

१ जुलै २०२५ रोजी यूएसएडचे, म्हणजे परदेशांना मदत पोहोचवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचे, काम कायमचे थांबले आणि उरलेसुरले परराष्ट्र खात्यात गेले. अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ मध्ये ही संस्था उभी केली होती. १९९८ च्या कायद्यात तिचे स्वतंत्र अस्तित्व काँग्रेसने मान्य केले होते. ती राहावी की जावी, या एका प्रश्नावर मात्र आपल्यापैकी कोणत्याही सभागृहात मतदान झाले नाही. त्या महिन्यात जे मतदान झाले ते आधीच मंजूर केलेले सुमारे ९ अब्ज डॉलर परत घेण्यावर. त्यातले बहुतेक परदेशी मदतीचे होते. सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८, प्रतिनिधिगृहात २१६ विरुद्ध २१३. म्हणजे पैशांच्या कपातीवर हात वर झाले, आणि साठ-पासष्ट वर्षांची यंत्रणा त्याआधीच मोडून झालेली होती.

अमेरिका जगाचे नेतृत्व सोडते आहे का, यावर आज दूरदर्शनच्या पडद्यांपासून मराठी मंडळांच्या गणेशोत्सवापर्यंत सगळीकडे वाद चालू आहे. तो जिथे व्हायला हवा त्या दोन सभागृहांत तो होत नाही, म्हणून हे पत्र. ते मी मराठीत लिहिते आहे, कारण या प्रश्नाची झळ आणि जबाबदारी दोन्ही माझ्या भाषेच्या माणसांपर्यंत पोहोचते. आमच्यातले अनेक जण इथले मतदार आहेत. आपल्यातले एक सदस्य, मिशिगनचे श्री. ठाणेदार, हे पत्र आहे तसे वाचू शकतील. बाकीच्यांना इंग्रजी प्रत मिळेल.

माझा या प्रश्नाशी संबंध काय, तेही सांगते. माझा जन्म सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातला. १९७२ च्या दुष्काळात माझे वडील आणि थोरला भाऊ खडी फोडायला जात, आणि कामावरच्या मुलांना सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी असे. तिची भाकरी थापताना तुटायची, चवीला कोणालाच आवडत नसे, आई रोज कुरकुर करीत भाजायची आणि आम्ही रोज खात असू. माझ्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे, आमच्या वयाच्या बहुतेकांच्या दंडावर असतो तसा. पुढे मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, अमेरिकेत आले, नागरिक झाले, आणि नोकरीची बहुतेक वर्षे सार्वजनिक आरोग्याच्या प्रयोगशाळेत क्षयरोगाचे नमुने तपासण्यात गेली. अमेरिकेचे नेतृत्व घेणाऱ्याच्या बाजूने कसे दिसते आणि देणाऱ्याच्या बाजूने कसे चालते, हे दोन्ही मी जवळून पाहिले आहे.

त्या नेतृत्वाची आरती मी ओवाळणार नाही. १९६५-६६ मध्ये भारतात दुष्काळ असताना अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडली. शेतीचे धोरण बदला, व्हिएतनामवर बोलताना जपून बोला, हा त्यामागचा दाब आमच्या आईवडिलांच्या पिढीला चांगला कळत होता. डिसेंबर १९७१ मध्ये सातव्या आरमाराची जहाजे बंगालच्या उपसागराकडे निघाली होती, तेही आमच्याकडे कोणी विसरलेले नाही. इराकवरचे युद्ध तर आपल्या मतदानाच्या नोंदीतच आहे. अमेरिकी गव्हाबरोबर गाजर गवत आले असे पुण्या-सोलापूरकडचा शेतकरी आजही सांगतो आणि बांधावरचे ते गवत उपटत असतो. पुण्यातले माझे नातेवाईक म्हणतात, बरे झाले, दादागिरी तरी संपेल. त्यांचा राग मला समजतो. पण गेल्या वर्षात जे बंद झाले त्यात दादागिरीचे फारसे काही नव्हते. विमानवाहू नौका जिथल्या तिथे आहेत. बंद झाली ती मोजणारी, तपासणारी, आधी इशारा देणारी आणि औषध पोहोचवणारी कामे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार पैशांच्या नावाखाली झालेल्या नासाडीची. २० जानेवारी २०२५ ला मदत नव्वद दिवसांसाठी स्थगित झाली. १० मार्चला परराष्ट्रमंत्री रुबिओ यांनी जाहीर केले की, यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाले आहेत. ते कोणत्या तपासणीवरून रद्द केले, कोणता कार्यक्रम का नापास झाला, याचा कार्यक्रमवार खुलासा देशापुढे आला नाही. त्याच उन्हाळ्यात दुबईच्या गोदामात ठेवलेली, भुकेल्या मुलांसाठी करदात्यांच्या सुमारे ८ लाख डॉलरची पोषक बिस्किटे मुदत संपेपर्यंत पडून राहिली. सुमारे ५०० टन. पंधरा लाख मुलांना आठवडाभर पुरतील इतकी. ती जाळण्याचा निर्णय झाला. मदत वाटण्याची परवानगी देणारी माणसेच कामावरून काढली होती. काटकसर हा हेतू असेल, तर अन्न जाळण्याइतकी उधळपट्टी दुसरी नाही. दुष्काळात सुकडी खाल्लेल्या बाईला ही बातमी वाचवत नाही.

परदेशी मदत हा कपातीआधी संघराज्याच्या एकूण खर्चाचा साधारण एक टक्का. सर्वसामान्य अमेरिकी माणसाला तो चौथा हिस्सा वाटतो, असे पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. हा गैरसमज आपल्याला माहीत आहे. तो दूर करण्याऐवजी आपल्यापैकी कित्येकांनी प्रचारात तो वापरला.

दुसरी तक्रार माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले. जगाचे मोजमाप बंद पडले.

१९८४ च्या इथिओपियातल्या दुष्काळानंतर अमेरिकेने १९८५ मध्ये दुष्काळाची पूर्वसूचना देणारे एक जाळे उभे केले. फ्यूज नेट हे त्याचे नाव. पाऊस किती, पीक कसे, बाजारात धान्याचा भाव कुठे चालला, जनावरे कोणत्या भावाने विकली जातात, माणसे गाव सोडू लागली का, हे सगळे महिन्या-महिन्याला जुळवून कोणत्या भागात केव्हा उपासमार होईल ते सांगायचे. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगायचे तर ती जगाची पैसेवारी होती. पैसेवारी पन्नासच्या खाली लागली की सरकारला दुष्काळ मान्य करावा लागतो, मग शेतसाऱ्यात सूट, टँकर, रोजगार हमीची कामे. पैसेवारीच काढली नाही तर दुष्काळ पडत नाही असे थोडेच आहे? तो फक्त कागदावर दिसत नाही. जानेवारी २०२५ च्या अखेरीस फ्यूज नेटचे संकेतस्थळ बंद झाले. सुदानमध्ये युद्ध आणि दुष्काळ एकत्र चालू असताना ते महिनोन्‌महिने बंद राहिले. पुढे ते सुरू झाले, पण मधल्या महिन्यांतली तुटलेली नोंद आता कोणालाही भरून काढता येणार नाही.

दुसरे मोजमाप घराघरांतले. १९८४ पासून यूएसएडच्या पैशांतून नव्वदहून अधिक देशांत लोकसंख्या आणि आरोग्याच्या पाहण्या होत होत्या. बाळंतपणात किती बाया दगावतात, किती मुले पाच वर्षांची होत नाहीत, किती जणांना लस मिळाली, घरात शौचालय आहे का, हे दारोदार जाऊन विचारलेले. भारताची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी याच पद्धतीने १९९२-९३ मध्ये सुरू झाली, आणि तिचे काम मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आले. पहिल्या फेऱ्यांना यूएसएडचा हातभार होता. आज नंदुरबारमध्ये वजन कमी असलेली मुले किती, हा आकडा विधानसभेत कोणी सरकारच्या तोंडावर फेकू शकतो तो या पाहणीमुळे. भारताला आता त्यासाठी कोणाच्या पैशांची गरज नाही, आणि हेच त्या मदतीचे यश होते. पण आफ्रिकेतल्या कित्येक देशांकडे स्वतःचे दुसरे मोजमाप नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अर्धवट झालेल्या पाहण्या जिथल्या तिथे थांबल्या. काही पुढे देणग्यांवर तगल्या.

सदस्यहो, हे थांबवण्याने किती पैसे वाचले? संघराज्याच्या अंदाजपत्रकात ती रक्कम शोधायला भिंग लागेल. आणि मोजणारेच गेले तर या निर्णयांमुळे किती माणसे मेली हेही उद्या कोणाला सांगता येणार नाही. जून २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे की, ही कपात अशीच राहिली तर २०३० पर्यंत १ कोटी ४० लाखांहून अधिक जादा मृत्यू होतील, त्यातली ४५ लाखांहून अधिक पाच वर्षांखालची मुले. हा अंदाज आहे, मोजलेला आकडा नव्हे. आपल्यापैकी काही जण त्यावर शंका घेतात. जरूर घ्या. पण शंका घेणाऱ्यानेच मापे काढून घेतली, हे मला मान्य नाही.

तिसरी तक्रार रोगांची, माझ्या आयुष्यभराच्या कामाची. क्षयाच्या साध्या रुग्णालाही सहा महिने औषध घ्यावे लागते. मध्येच गोळ्या संपल्या तर जंतू मरत नाहीत, औषधाला दाद न देणारे उरतात आणि पुढच्या माणसाला तेच लागतात. मग सहा महिन्यांचा उपचार दीड-दोन वर्षांवर जाऊ शकतो आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवायची गोष्ट. तरी जानेवारी २०२५ मध्ये ‘काम थांबवा’ हे आदेश निघताना चालू उपचारांचा विचार झाला नाही. सूट देण्याची घोषणा नंतर झाली, आणि ती पोहोचेपर्यंत अनेक दवाखान्यांची माणसे घरी गेली होती. त्याच जानेवारीच्या अखेरीस युगांडाच्या राजधानीत इबोलाचा उद्रेक जाहीर झाला होता.

एचआयव्हीसाठीचा पेपफार हा कार्यक्रम अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी २००३ मध्ये जाहीर केला. अडीच कोटींहून अधिक जीव त्याने वाचवले असे सरकारच सांगते. एका रिपब्लिकन अध्यक्षाने सुरू केलेला आणि दोन्ही पक्षांनी वीस वर्षे जपलेला असा दुसरा कार्यक्रम सापडणे अवघड. त्याची मुदत २५ मार्च २०२५ ला संपली आणि आपण ती वाढवली नाही. जुलैच्या कपातीतून सिनेटने त्याचे ४० कोटी डॉलर वाचवले, त्याबद्दल संबंधित सदस्यांचे मनापासून आभार. मुदत मात्र आपण वाढवायची होती.

आणि जागतिक आरोग्य संघटना. १९४८ मध्ये काँग्रेसनेच संयुक्त ठराव करून अमेरिकेला तिचे सदस्य केले. त्या ठरावात बाहेर पडण्याची अटही घातली: एक वर्षाची नोटीस आणि चालू वर्षाची देणी चुकती. नोटीस २२ जानेवारी २०२५ ला गेली, वर्ष सरले, अमेरिका बाहेर पडली. देणी थकलेलीच राहिली. आपल्याच ठरावातली अट मोडली गेली आणि सभागृह गप्प राहिले. करोनाच्या काळात संघटनेकडून चुका झाल्या, चीनला प्रश्न विचारताना ती कचरली, हे मीही म्हणते. पण दंडावरच्या वणाकडे पाहते तेव्हा दुसरी गोष्टही आठवते. देवीच्या निर्मूलनाची जगभरची मोहीम अमेरिकी डॉक्टर डी. ए. हेंडरसन यांनी याच संघटनेच्या छत्राखाली चालवली आणि तिला लागणारी लस मोठ्या प्रमाणावर सोव्हिएत संघाने पुरवली. शीतयुद्ध ऐन भरात असताना. आमच्याकडे भिंतीभिंतींवर देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस लिहिलेले असे आणि ‘देवी डॉक्टर’ वाडीवस्तीवर फिरत. भारतातला शेवटचा रोगी १९७५ मध्ये सापडला, आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. शत्रूबरोबर एका टेबलावर बसून काम करून घेणे, याला मी नेतृत्व म्हणते. टेबल सोडून उठणाऱ्याची खुर्ची रिकामी राहत नाही. मे २०२५ मध्ये चीनने या संघटनेला पाच वर्षांत ५० कोटी डॉलर देण्याची घोषणा केली.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. जानेवारी २०२६ मध्ये ६६ आंतरराष्ट्रीय संस्था आणि करारांतून एका फटक्यात बाहेर पडण्याचा निर्णय झाला. त्यात हवामानबदलाचा १९९२ चा मूळ करार आहे, ज्याला सिनेटने स्वतः संमती दिली होती. भारतात गुरुग्रामला मुख्यालय असलेली आंतरराष्ट्रीय सौर आघाडीही आहे. सिनेटच्या संमतीने झालेला करार सिनेटला न विचारता मोडता येतो का, हा पक्षाचा प्रश्न नाही, आपल्या अधिकाराचा आहे. मार्च २०२५ मध्ये म्यानमारला भूकंप झाला, तेव्हा चीन, भारत, रशिया यांची पथके ढिगारे उपसत होती. अमेरिकेने तीन माणसे पाठवली आणि ती तिथे असतानाच त्यांना नोकरी संपत असल्याचे कळवण्यात आले. २००४ च्या त्सुनामीत आचेच्या किनाऱ्यावर अमेरिकी नौदलाची हेलिकॉप्टरे अन्न-पाणी उतरवत होती. तेच हे राष्ट्र.

डेमोक्रॅटिक सदस्यांनीही यातून सुटका करून घेऊ नये. देशादेशांतल्या व्यापारी तंट्यांवर अंतिम निकाल देणारे जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण अमेरिका नव्या न्यायाधीशांच्या नेमणुका अडवते. अडवणुकीची सुरुवात ओबामांच्या काळात झाली, ट्रम्प यांनी ती पूर्ण केली आणि बायडेन यांनी चार वर्षांत उठवली नाही.

या सगळ्यावरचा दुसऱ्या बाजूचा मुद्दा मी नीट ऐकला आहे. ओहायोतल्या बंद पडलेल्या कारखान्याशेजारी राहणारा माणूस विचारतो, माझ्या गावचा दवाखाना बंद होतोय आणि मी परक्यांचे दवाखाने का चालवू? श्रीमंत युरोपने आणि वाढत्या भारताने आपापला वाटा का उचलू नये? प्रश्न खरा आहे. वाटा उचलला पाहिजे, आणि भारतानेही, हे माझ्या जन्मभूमीलाही मी सांगते. पण परदेशातला दवाखाना बंद केल्याने ओहायोतला उघडला का? आणि अमेरिका बाजूला झाली म्हणून इतर पुढे आले का? उलट झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनने आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणण्याचे जाहीर केले. जर्मनीनेही हात आखडला. लोक अजूनही अमेरिकेच्या मागेच चालत आहेत, फक्त आता माघारी चालत आहेत. नेतृत्व सोडले म्हणून त्याचा परिणाम थांबत नाही.

या देशाने हा प्रश्न याआधी दोनदा सोडवला, आणि दोन्ही वेळा मोजून मते देऊन. १९ नोव्हेंबर १९१९ ला सिनेटने अनेक महिन्यांच्या वादानंतर पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह आणि त्याबरोबर राष्ट्रसंघाचे सदस्यत्व नाकारले. मला तो निर्णय चुकीचा वाटतो, पण कोण कोणत्या बाजूला होता हे आजही वाचता येते. १९४८ मध्ये मार्शल योजनेचा, म्हणजे युद्धाने मोडलेल्या युरोपला मदत देण्याचा, प्रश्न आला तेव्हा परराष्ट्र समितीचे अध्यक्ष होते मिशिगनचे रिपब्लिकन सिनेटर व्हँडनबर्ग, अमेरिकेने जगाच्या भानगडीत पडू नये असे एके काळी ठामपणे म्हणणारे. डेमोक्रॅटिक अध्यक्षाची योजना त्यांनी आठवडेच्या आठवडे सुनावण्या घेऊन, शंकेखोरांना उत्तरे देऊन पार नेली. सिनेटमध्ये ६९ विरुद्ध १७. म्हणून ती पुढच्या निवडणुकीनंतरही टिकली. आत्ताची माघार कोणाच्या नावावर आहे? अध्यक्ष आपल्या सह्यांनी काम करतात. त्यांचा त्यांना जाब द्यावा लागेल. पण तिजोरीची किल्ली संविधानाने आपल्या हाती दिली आहे, आणि ती आपण वापरली नाही.

माझ्या मागण्या अशा:

१. जागतिक आरोग्य संघटना आणि १९९२ चा हवामान करार सोडण्याच्या निर्णयावर दोन्ही सभागृहांत जाहीर सुनावणी घ्या आणि नावानिशी मतदान करा. ज्यांना बाहेर पडणे योग्य वाटते त्यांनी तसे मत द्यावे.

२. आपण कायद्याने मंजूर केलेला पैसा त्याच वर्षी त्याच कामावर खर्च झाला पाहिजे. आर्थिक वर्ष संपत आले असताना रक्कम अडवून ती आपोआप रद्द होऊ देण्याचा जो प्रकार ऑगस्ट २०२५ मध्ये ४.९ अब्ज डॉलरच्या बाबतीत झाला, तो १९७४ च्या निधी-अडवणूक कायद्यात स्पष्ट दुरुस्ती करून बंद करा.

३. दुष्काळाची पूर्वसूचना आणि आरोग्य पाहण्या यांना अंदाजपत्रकात स्वतःची वेगळी तरतूद द्या, म्हणजे कोणाच्या एका सहीने त्या थांबणार नाहीत.

४. पेपफारला किमान पाच वर्षांची मुदत द्या. एखादा देश स्वतः भार उचलू शकत असेल तर त्याची पायरी-पायरीने ठरलेली तारीख कायद्यात लिहा. क्षयरोग आणि एचआयव्हीचा चालू उपचार कोणत्याही स्थगितीतून वगळा.

५. सरकारी गोदामातले अन्न आणि औषध मुदत संपण्याच्या सहा महिने आधी वाटपाला निघालेच पाहिजे, असा नियम करा. दुबईतल्या बिस्किटांची चौकशी करून अहवाल लोकांपुढे ठेवा.

६. व्यापार संघटनेच्या अपील मंडळाबद्दल अमेरिकेला नेमके काय बदलून हवे आहे, ते लेखी मांडायला सरकारला भाग पाडा.

यातली एकही मागणी अमेरिकेने जगाचा पोलीस व्हावे अशी नाही. मदत कमी करायची असेल तर कमी करा, पण आकडे समोर ठेवून, मुदत देऊन आणि जबाबदारी घेऊन.

माझ्या मराठी बांधवांनाही या पत्रातून एक विनंती. न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, कॅलिफोर्नियात, मिशिगनमध्ये आपण हजारोंनी राहतो. व्हिसा आणि ग्रीन कार्डापलीकडच्या प्रश्नावर आपण प्रतिनिधींना क्वचितच फोन करतो. या वेळी करा. तुमचे मत माझ्याविरुद्ध असले तरी करा.

माझ्या मतदारसंघाच्या प्रतिनिधींना आणि राज्याच्या दोन्ही सिनेटरांना या पत्राची इंग्रजी प्रत मी टपालाने पाठवते आहे. सहा मागण्यांपैकी कोणत्या मान्य, कोणत्या अमान्य आणि का, एवढे लेखी उत्तर मला हवे आहे. छापील आभारपत्र नको. पुढच्या जाहीर सभेत मी हेच सहा प्रश्न घेऊन माइकपाशी उभी राहीन.

आपली,
न्यू जर्सीतली एक मतदार,
सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेतून निवृत्त